उरलेले वीतभर कापड

दिवाळी तोंडावर आली होती. धायरीतल्या आमच्या शिंपीचाचांनी शिवलेला मुलीचा परकर तोकडा झाला. माझ्या मनात पाप आले. "कापड मारलंत की काय?" मी बोलून गेलो.

चाचा नमाजाला उठत होते. त्यांनी मुकाट्याने पुडके पुढे केले. आत उरलेले वीतभर कापड! "सर, हे ठेवून घेतलं तर सजद्यात कपाळ कसं टेकवू?"

माप मीच गेल्या वर्षीचे दिले होते!

श्रीगोंद्याचे १७व्या शतकातले संतकवी शेख महंमद मी वर्गात शिकवतो. मुसलमानाची श्रद्धा मला ठाऊक होती, ती पोथीतली. ही चिंधीतली आजच दिसली.

त्याच तुकड्याची पट्टी जोडून चाचांनी परकर लांब केला. माफी मागायला मात्र मला दोन दिवस लागले.