चिकलठाण्याचा पारा आणि पडेगावची पोरं

गुरुवारी घरूनच काम होतं. दुपारी सव्वा वाजता कॉलवर असताना खालून वहिनीची हाक आली, "भाऊजी, जरा लवकर या." खाली जाऊन बघतो तर पुतण्या दारातच ओकला होता. दुसरीत आहे तो. चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले. रिक्षावाले काका त्याचं दप्तर आणि बाटली घेऊन मागे उभे. बाटली निम्मी भरलेली आणि आतलं पाणी इतकं गरम की नुसती चहापत्ती टाकायची बाकी. रिक्षात अजून आठ पोरं बसलेली. त्यातली दोन मिटमिट्याची, म्हणजे त्यांचा प्रवास अजून शिल्लकच होता.

आईने कांदा किसून तळपायाला लावला, वहिनीने ओल्या पंचाने अंग पुसलं, मी मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. पाच वाजता गडी कार्टून बघत बसला होता. तेव्हा तो विषय तिथेच संपला. खरा विषय निघाला रात्री जेवताना. मी म्हटलं, सुट्टी लागेपर्यंत आता याला पाठवू नका. दादा म्हणाला, "आपण नाही का गेलो शाळेत? आपल्याला काय झालं?"

मंडळी, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मला वाटायला लागलंय, आपल्याकडचं शालेय वेळापत्रक याच एका वाक्यावर चालतं. तेव्हा आज त्याचाच समाचार घेतो.

हो, आपण गेलो. पण कधी गेलो ते जरा आठवून बघा. होळी झाली की 'सकाळची शाळा' सुरू व्हायची. सातला प्रार्थना आणि अकराच्या सुमाराला घरी. ऊन खऱ्या अर्थाने तापायच्या आत आम्ही फरशीवर उताणे पडलेलो असायचो. एप्रिलच्या मध्यापर्यंत परीक्षा उरकायची. मग एकदम १ मेला झेंडावंदन आणि निकाल, तोही सकाळीच. नव्या पुस्तकांचा वास यायचा तो जूनमध्ये, ओल्या मातीच्या वासाबरोबर. म्हणजे दादा, आपण उन्हाळ्यात शाळेत गेलोच नाही रे. उन्हाळा सुरू होईपर्यंत गेलो.

आता पुतण्याची गोष्ट बघा. शाळा सीबीएसईची. परीक्षा मार्चमध्ये संपली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवीन वर्ष सुरू. नवी पुस्तकं, खाकी कव्हरं, नवी डायरी, नव्या मॅडम. शाळा पावणेआठ ते बारा चाळीस. त्यानंतर काळ्या रेक्झिनच्या टपाखाली नऊ पोरं कोंबून छावणी, नगर नाका करत पडेगाव. हे तीन-चार आठवडे चालणार, मग दीड महिना सुट्टी, आणि जूनमध्ये मॅडम पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करणार, कारण पोरं सगळं विसरलेली असतात. वर्षातले सगळ्यात वाईट आठवडे निवडून त्यात काम सुरू करायचं आणि लगेच बंद करायचं, हे नियोजन कोणाच्या डोक्यातून आलं असेल? आमच्याकडे एखाद्याने असा प्रोजेक्ट प्लॅन आणला तर मॅनेजर त्याला केबिनमध्ये बोलावतो. (फीचा पहिला हप्ता एप्रिलमध्ये घेता येतो, हा एक फायदा मला दिसतो. संशयी स्वभाव, दुसरं काय.)

यावर शाळेचं ठरलेलं उत्तर असतं. "अजून उष्णतेची लाट जाहीर झालेली नाही." हे उत्तर आलं तेव्हा मी जरा खोलात गेलो, आणि जे सापडलं ते प्रत्येक पालकाने वाचायला हवं.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं, आणि शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. तेव्हा ती लाट. सरळ ४५ अंश गाठले तर सरासरी न बघताही लाट. आता समजा, एखाद्या गावाची त्या दिवसांतली सरासरीच ४० आहे. तिथे ४४ अंश झाले तरी कागदावर लाट नाही! जे गाव मुळात जास्त तापतं, त्याला लाटेचा दर्जा मिळायला जास्तच तापावं लागतं. पुढे अजून मजा आहे. एका हवामान उपविभागात (आपला उपविभाग म्हणजे मराठवाडा) किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस हे व्हावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणजे पहिला दिवस पोरांनी नियमानुसार काढायचाच.

यात हवामान खात्याची चूक नाही. त्यांची व्याख्या हवामानाच्या नोंदींसाठी आहे, दुसरीतल्या पोराला रिक्षात बसवावं की नाही हे ठरवायला ती केलेलीच नाही. आणि आपण पेपरात वाचतो तो पारा चिकलठाण्याचा, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. तो मोजतात पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत. सावलीत, खेळत्या हवेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. आमचा पुतण्या काही पांढऱ्या पेटीत बसून येत नाही. मी चारशे रुपयांचा एक डिजिटल थर्मामीटर मागवला आणि शेजारच्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगला. चिकलठाण्याला ४१ होते त्या दुपारी त्याने ४६ दाखवले. हे काही शास्त्रीय मोजमाप नाही, मला माहीत आहे. पण पोरं ज्या हवेत बसतात ती हवा कोणीतरी मोजायला हवी की नाही?

त्यात लहान मुलांचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नसते. वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता भराभर आत येते. घाम आपल्यापेक्षा कमी येतो. आणि तहान लागली तरी खेळात कळत नाही, कळली तर "तास चालू आहे, नंतर जा" ऐकावं लागतं. पुतण्याला विचारलं, बाटली का नाही संपवली रे? तो म्हणाला, "काका, पाणी प्यायलं की सू लागते आणि तिथे घाण वास येतो." झालं. हेच कारण मला माझ्या बहिणीने वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली, इतर राज्यांनीही ती उचलली. चांगली कल्पना आहे. पण घंटा वाजवायच्या आधी संडास धुवायला लागतात.

सरकारकडे वळू. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. त्यानंतर घाईघाईने २१ एप्रिलपासून राज्य मंडळाच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. मग ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला. मुलांची झोप होत नाही, म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. आणि पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी, २८ मार्च २०२५ ला, उन्हामुळे प्राथमिक शाळा ७ ते ११.१५ आणि माध्यमिक ७ ते ११.४५ करा असं पत्र निघालं. झोपही खरी आणि ऊनही खरं, दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबरच. पण होळीनंतर ऊन तापतं हे कळायला मार्चचा शेवटचा आठवडा उजाडावा लागतो का? आणि एकीकडे हे पत्र काढताना दुसरीकडे पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा राज्यभर एकाच वेळापत्रकाने लावल्या. मुख्याध्यापक, शिक्षक ओरडले, उपयोग झाला नाही. परीक्षा लवकर उरकली की पोरं शाळेत येत नाहीत, शिकवणं थांबतं, हे त्यामागचं कारण होतं. कारण खोटं नाही. पण पोरं का येत नाहीत याचा विचार करताना कोणी खिडकीबाहेर बघितलं नसावं.

सगळ्यात जास्त खटकतं ते पुढे आहे. जूनमध्ये शाळा उघडताना विदर्भ वेगळा धरला जातो. २०२३ मध्ये बाकी राज्यात १५ जून, विदर्भात ३० जून. २०२५ मध्ये बाकी राज्यात १६, विदर्भात २३. म्हणजे सगळीकडचं ऊन सारखं नसतं, हे शासनाला मान्य आहे, आणि योग्यच आहे ते. मग एप्रिलमध्ये रत्नागिरी आणि परभणी एका पंक्तीला कशी बसतात? मराठवाड्याचं ऊन मोजायला वेगळी फूटपट्टी लागते की काय?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, याचं म्हणणं शाळा बंद करा. गुरुवारी रात्री माझंही तेच म्हणणं होतं. शुक्रवारी सकाळी ओळखीच्या एका मॅडमशी बोललो, त्या सरकारी शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात कूलर आहे म्हणून तुम्हाला सुट्टी सुचते. माझ्या वर्गातली पोरं सुट्टीत कुठे असतात माहितीये का? पत्र्याखाली. नाहीतर आईबरोबर साइटवर."

गप्प बसलो. कारण त्या साइटी मी रोज बघतो. पडेगाव म्हणजे नुसत्या आमच्यासारख्यांच्या रो-हाऊसेस नव्हेत. टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणारं, कचरा प्रक्रिया केंद्राचा वास सोसणारं पडेगावही आहेच. जुलै २०२५ मध्ये मिटमिट्याचा रस्ता रुंद करायला पाडापाडी झाली, तेव्हा रस्त्याकडेची होती नव्हती ती सावलीही गेली. अशा घरातल्या पोराला शाळेत निदान पक्कं छत आणि खिचडी मिळते. शाळा बंद म्हणजे ते ताटही बंद. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शालेय आहार द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलंय. २०२३ च्या दुष्काळात जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत आपला छत्रपती संभाजीनगर तालुका होता. पण त्यासाठी आधी दुष्काळ जाहीर व्हावा लागतो. पुन्हा तेच, आधी जाहीर व्हा, मग भूक लागू द्या.

आणि बंद करून शिक्षणाचं नुकसान होतंच. युनिसेफने जानेवारी २०२५ मध्ये आकडा दिला, नुसत्या एप्रिल २०२४ या एका महिन्यात उष्णतेमुळे जगभरात ११ कोटी ८० लाखांहून जास्त मुलांच्या शिक्षणात खंड पडला. बांगलादेशाने तर तेव्हा देशभरातल्या शाळा बंद केल्या होत्या. दरवर्षी असंच करत राहिलो तर गरिबाचं पोर आणखी मागे पडणार, कूलरवाल्यांची पोरं ऑनलाइन शिकून पुढे जाणार.

म्हणून माझं म्हणणं आता जरा बदललंय, पण नरम झालेलं नाही. एप्रिलमध्ये साडेअकरानंतर एकही पोर वर्गात किंवा रस्त्यावर नको. कुठलीही शाळा असो, कुठल्याही बोर्डाची. आणि हे मार्चच्या शेवटी पत्र काढून नको, जूनमध्ये वर्षाचं वेळापत्रक छापतानाच त्यात असायला हवं. परीक्षा मराठवाड्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपवा. त्यानंतर शाळेची इमारत उघडी ठेवा. सकाळी सात ते साडेदहा, ज्यांना यायचंय त्यांनी यावं, गोष्टीची पुस्तकं वाचावी, खावं आणि घरी जावं. हजेरीची सक्ती नको. नवीन वर्ष एप्रिलमध्ये सुरू करायचा हट्ट सोडा.

"मग दिवस कसे भरणार?" हा प्रश्न येतोच. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास मागतो. भागाकार करा, दिवसाला चार तास. सात ते अकरा झाले की चार. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, तिथे थोडी ओढाताण होईल, मान्य. पण आपल्याकडे शाळा २३० दिवस भरवायचा नियम आहे, म्हणजे कायद्यापेक्षा प्राथमिकला तीस दिवस जास्तच. तरीही कमी पडले तर डिसेंबरात गॅदरिंगच्या प्रॅक्टिसमध्ये पंधरा दिवस जातात, ते घ्या. हवा छान असते तेव्हा पोरं स्टेजवर नाचतात आणि पारा ४२ ला गेला की अभ्यासाला बसतात, हे उलटं आहे.

बाकी गोष्टींना फार पैसेही लागत नाहीत. छताला चुना लावायचा. अहमदाबादने २०१० च्या लाटेत माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांत पांढरी छतं करून दाखवली. प्लास्टिकची टाकी गच्चीवर उन्हात तापते, तर व्हरांड्यात चार रांजण ठेवा. आमच्या आजोबांना कळत होतं ते आपल्याला कळायला हरकत नाही.

हे सगळं (जरा सौम्य भाषेत) लिहून शुक्रवारी दुपारी शाळेला मेल पाठवला. खाली दादाचंही नाव टाकलं, त्याला विचारून. तो म्हणाला, "टाक. पण सोमवारी तो जाणार. त्याची पहिली युनिट टेस्ट आहे." वहिनी काही बोलली नाही, फक्त ऑफिसातून अर्धा दिवस मागून घेतला, त्याला बाराच्या आत स्वतः आणायला.

शाळेचं उत्तर आलं, शासनाचा किंवा बोर्डाचा आदेश आल्यास कळवण्यात येईल. त्याखाली दुसरा मेसेज होता, सगळ्या पालकांसाठी. शनिवारी पालक सभा आहे. नेहमी बाराला असते, या वेळी सकाळी आठला ठेवली आहे. "वाढत्या उन्हामुळे पालकांची गैरसोय होऊ नये म्हणून."