श्वासनलिका दबली म्हणजे सगळे संपले नाही

छोट्या पोमेरेनियनला बदकासारखा कर्कश खोकला लागला की घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. अनेकदा कारण वेगळे असते. श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात आणि श्वासासोबत नळी चपटी होते. यालाच 'ट्रॅकियल कोलॅप्स' म्हणतात. हृदयविकारातही कुत्रे खोकते, म्हणून तपासणी व एक्स-रे आवश्यक.

हा आजार मुळापासून बरा होत नाही. पण म्हणून 'आता काही उपयोग नाही' असे ठरवणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. औषधे आणि घरातले बदल यांवर अनेक कुत्री वर्षानुवर्षे चांगली जगतात. आणि हे बदल फुकटचे आहेत.

गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीचा पट्टा म्हणजे हार्नेस वापरा. वजन वाढले असेल तर बिस्किटे बंद करा. उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट यांचा धूर टाळा. कुत्रे धापा टाकून अंग थंड करते आणि त्या धापांनी नळीवर ताण येतो. वाशिमच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा पहाटेच फिरवा, दुपारी कूलरजवळ ठेवा.

माणसांचे खोकल्याचे औषध मनाने देऊ नका. काहींत पॅरासिटामॉल असते, ते कुत्र्याला घातक ठरू शकते. जीभ निळी पडली किंवा कुत्रे कोसळले, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच पशुवैद्यकाकडे न्या.