उतारा वाचला, पण कळला का?



पहिल्या सत्राची परीक्षा झाली, उत्तरपत्रिका घरोघरी पोहोचल्या आणि दरवर्षीप्रमाणे पालक-शिक्षक सभेतील चर्चा इंग्रजीवर येऊन थांबली. या खेपेस मात्र एक ठाम मागणी पुढे आली आहे. शाळेच्या आवारात मुलांनी फक्त इंग्रजीच बोलावे, मराठी बोलणाऱ्याला लहानसा दंड करावा आणि इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही कानावर पडू नये. मागणी करणाऱ्यांत आपले काही विश्वस्तही आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण माझे मत या मागणीच्या विरुद्ध आहे, आणि निर्णय होण्याआधी ते कारणांसह सर्वांपुढे ठेवणे मी आवश्यक समजतो.

मागणीमागची काळजी खरी आहे. डिचोलीतील खाणी २०१२ साली बंद झाल्या, मध्ये सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या. आता काही ठिकाणी काम परत सुरू झाले असले तरी ट्रकच्या भरवशावर संसार उभा करण्याचे दिवस गेले, हे प्रत्येक घराला कळून चुकले आहे. इकडे पेडण्यात मोपच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. तिथल्या नोकरीचा अर्ज इंग्रजीत आणि मुलाखतही इंग्रजीत. बँकेचे कर्जपत्र, विम्याची कागदपत्रे, कंपनीचे नेमणूकपत्र यांतील बारीक अक्षरे इंग्रजीतच असतात. ती न वाचता सही करणाऱ्यांचे काय होते, हे आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. तेव्हा इंग्रजी हवे की नको, हा वादच नाही. ते येणार कसे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडील मुलांची अडचण थोडी निराळी आहे. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या. भाऊसाहेब पेडण्याचेच, आणि या तालुक्यांतील पहिली शिकलेली पिढी बव्हंशी त्या मराठी शाळांतून बाहेर पडली. १९९० साली प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी प्रादेशिक भाषेच्या माध्यमाची अट आली, २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाचे दार उघडले, त्यावर आंदोलने झाली, सरकारे हलली. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आपल्या शाळेत येणारी बहुतेक मुले आजही चौथीपर्यंत मराठीतून शिकून येतात आणि पाचवीत पाऊल टाकताच गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल सगळे इंग्रजीतून सुरू होते. मार्चमध्ये ज्याला 'भागाकार' येत होता, त्याला जूनमध्ये 'डिव्हिजन' येत नाही. मुलगा तोच, बुद्धी तीच. अशा मुलाला इंग्रजी हा एक विषय नसून बाकी सर्व विषयांच्या खोलीची किल्ली आहे.

ही किल्ली आपण त्याच्या हाती कशी देतो? व्याकरणाचा तास वेगळा आणि उताऱ्याचा तास वेगळा. व्याकरणात गाळलेल्या जागा भरायच्या, वाक्य 'सूचनेप्रमाणे' बदलायचे. उताऱ्यात प्रश्नातला एखादा शब्द धरायचा, तो उताऱ्यात ज्या ओळीत सापडेल ती ओळ उचलून उत्तरपत्रिकेत ठेवायची. दोन्हींचे गुण मिळतात. पालक खूश, आम्हीही खूश.

ऑगस्टमध्ये मी आठवीच्या वर्गावर एक वाक्य लिहिले. 'द ब्लोम ग्रिबड अ तासल नियर द पोर.' यातला एकही मुख्य शब्द कुठल्याच कोशात नाही. मीच जुळवलेले ते शब्द. खाली प्रश्न विचारले. 'व्हॉट डिड द ब्लोम ग्रिब?' 'व्हेअर डिड द ब्लोम ग्रिब इट?' जवळजवळ सर्व वर्गाने अचूक उत्तरे लिहिली. 'डिड' आल्यावर 'ग्रिब' आणि उत्तरात पुन्हा 'ग्रिबड', हा बदलसुद्धा कोणी चुकले नाही. मग मी मराठीत विचारले, "ब्लोम म्हणजे कोण रे? आणि त्याने नेमके काय केले?" वर्ग आधी गप्प झाला आणि मग हसत सुटला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, असं आम्ही नेहमीच करतो."

तिने आमच्या साऱ्या शिकवण्याचे मूल्यमापन एका वाक्यात केले. व्याकरणात पूर्ण गुण, उताऱ्यात पूर्ण गुण, आणि अर्थ शून्य. दहावीच्या मंडळाच्या परीक्षेपर्यंत हे खपून जाते. कधी कधी त्यानंतरही खपते, पण मग अकरावीच्या विज्ञान शाखेतला मुलगा एकाएकी 'कच्चा' का झाला, याचे आपण नवल करीत बसतो.

मी स्वतः पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो. आम्हाला इंग्रजी काळ शिकवण्याची ठरलेली रीत होती. वाक्याच्या शेवटी 'ता है, ती है, ते हैं' आले की हा काळ, 'रहा है, रही है' आले की तो, 'चुका है' आले की तिसरा. हिंदी वाक्याचे इंग्रजी करायला ही रीत झकास चालते. हिंदी पट्ट्यातील लाखो मुले तिच्यावर परीक्षा पास झाली आणि मी तिला नावे ठेवणार नाही. पण इंग्रजी पान समोर आले की तिचा उपयोग संपतो, कारण त्या पानावर कुठल्याच वाक्याच्या शेवटी 'ता है' छापलेले नसते. लिहिण्यासाठी पाठ केलेले व्याकरण वाचताना आपोआप मदतीला येत नाही. ते वाचनातच शिकावे लागते.

आपली मुले कुठे अडखळतात ते पाहा. कठीण शब्दांवर ती अडखळतात असे आपण समजतो आणि शब्दार्थांच्या याद्या पाठ करायला देतो. प्रत्यक्षात ती साध्या, लहान शब्दांवर पडतात. 'अनलेस द रेन्स कम अर्ली, द वेल विल रन ड्राय.' पाऊस लवकर आला 'नाही', तर विहीर आटेल. यातला 'नाही' मुलांना दिसतच नाही, कारण 'नॉट' कुठे लिहिलेले नाही. 'द ओल्ड मॅन वॉज टू टायर्ड टू क्लाइंब द हिल.' म्हातारा टेकडी चढला का? निम्मा वर्ग म्हणतो, चढला, पण फार दमला. येथेही नकार वाक्याच्या घडणीत लपलेला आहे. आता सांगा, हे व्याकरण की आकलन? मला तरी या दोहोंमध्ये भिंत दिसत नाही.

दुसरी अडचण आपल्या मराठीच्या वळणामुळे येते. 'काल जो मुलगा आला होता, तो माझा भाऊ,' असे आपण म्हणतो. 'जो' आधी येतो, 'तो' मागून येऊन त्याचा हात धरतो. इंग्रजीत 'द बॉय हू केम यस्टर्डे इज माय ब्रदर' असे वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य शिरते आणि 'तो' म्हणून कोणी येतच नाही. भूगोलाच्या पुस्तकात अशी तीन-तीन वाक्ये एकाच्या पोटात एक असतात. कर्ता कोण आणि क्रियापद कोणाचे, हेच मुलाला उलगडत नाही. आणि आपला 'ने' पाहा. आईने कापले, सुरीने कापले, बसने आलो. तिन्हीकडे प्रत्यय एकच. इंग्रजीत पहिल्याला काहीच लागत नाही, दुसऱ्याला 'विथ', तिसऱ्याला 'बाय'. ही तुलना मुलाला एकदा नीट दाखवली की ती त्याच्या डोक्यात बसते. पण दाखवणार कशी, जर तासाला मराठीचा शब्दच उच्चारायचा नाही?

गणिताचे शिक्षकही हेच सांगतात. तीन नाणी उडवली, तर 'ॲट लीस्ट' दोन छापे पडण्याची संभाव्यता १/२ आणि 'ॲट मोस्ट' दोन छापे पडण्याची ७/८. आकडेमोड येणारा मुलगा या दोन शब्दांची अदलाबदल करतो आणि गुण घालवतो. आपण त्याला गणिताची शिकवणी लावतो.

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकणे ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. येथून फार दूर नसलेल्या, देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा पानावर दोन स्तंभ ठेवले, एक इंग्रजी आणि एक मराठी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण आज अनेक घरी कपाटात असते. ते पुस्तक उत्तम आहे. परंतु ज्यांच्या कानावर इंग्रजी आधीपासून पडत होती अशा मुलांसाठी ते मुळात रचले गेले होते, हे ते विकत घेताना ध्यानात असावे.

याचा अर्थ शिक्षकांनी धडा ओळीओळीने मराठीत सांगावा असा कोणी घेऊ नये. ती पद्धत दंडाइतकीच घातक आहे. शिक्षक भाषांतर करतात, मुले ऐकतात आणि इंग्रजी पान कोणीच वाचत नाही. माझे म्हणणे उलट आहे. मराठी शिक्षकाने वापरायची नसून मुलाने वापरायची आहे. त्याने परिच्छेद स्वतः वाचावा, पुस्तक मिटावे आणि काय कळले ते आपल्या शब्दांत मराठीत सांगावे. चुकले तर, कुठल्या शब्दाने फसवले, ते पान उघडून शोधावे. तो शब्द 'अनलेस' निघाला, तर तेथेच व्याकरणाचा धडा. मग इंग्रजी प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत, उताऱ्यातली ओळ न उचलता. वेळ जास्त लागतो. महिन्यात चार उताऱ्यांऐवजी दोनच होतील, हे मी आधीच सांगून ठेवतो.

दंडाबद्दल एवढेच म्हणेन. "सर, कळलं नाही," हे वाक्य मुलाला मराठीतच सुचते. त्यावर दंड बसवला तर तो इंग्रजीत बोलू लागणार नाही, तो गप्प बसेल. शांत वर्ग पाहून आपल्याला समाधान वाटेल, ते वेगळे. इंग्रजी बोलण्याचा सराव कमी पडतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. प्रार्थनासभा, प्रदर्शन, शनिवारचे कार्यक्रम यांत मुलांना इंग्रजी बोलायला लावण्यास माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. बोलणे उत्तेजनाने वाढते.

अनेक आया म्हणतात, "आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?" ताई, तुमचीच मदत सर्वांत मोठी आहे. रात्री भाजी चिरता चिरता मुलाला इंग्रजी पुस्तकातल्या दहा ओळी वाचायला सांगा आणि विचारा, "काय लिहिलंय, मला सांग." त्याने सांगितलेले जुळत नसेल, मध्येच तुटत असेल, तर ते तुम्हाला लगेच कळेल, गोष्ट तुटलेली ओळखायला इंग्रजी लागत नाही. मग एकच प्रश्न, "कशावरून?" त्याला पानाकडे परत जावेच लागेल. तयार उत्तरांचे गाईड हे काम करू शकत नाही. खरे तर ते हे काम होऊच देत नाही.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे. बाहेरच्या संस्थेकडून इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवण्यासाठी जो निधी बाजूला काढण्याचे घाटत आहे, तो या वर्षी वर्गावर्गातील पुस्तकपेट्यांना द्यावा. पाचवी ते सातवीसाठी सोपी, चित्रांची इंग्रजी गोष्टींची पुस्तके, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती, म्हणजे दोघांना एकत्र वाचता येईल. शिवाय पाचवी ते नववीला आठवड्यातून दोन तास निव्वळ वाचनाचे हवेत. त्यासाठी वेळापत्रकात कुठे जागा होते, ते मी मंडळाच्या पुढील बैठकीत मांडीन.

दुसऱ्या सत्रापासून सातवी आणि आठवीत आम्ही एक उपक्रम सुरू करीत आहोत. एकाच दिवसाची एकच बातमी, 'नवप्रभा' किंवा 'गोमन्तक'मधून मराठीत आणि 'नवहिंद टाइम्स' किंवा 'हेराल्ड'मधून इंग्रजीत, शेजारी शेजारी चिकटवायची. मुले आधी इंग्रजी वाचतील, अर्थ सांगतील आणि मग मराठी बातमीशी ताडून पाहतील. बातमी आपल्या भागातली असली तर उत्तम: विमानतळाची, खाणीची, पंचायतीची, नाटकाची, फुटबॉलची. ज्यांच्या घरी ही वर्तमानपत्रे येतात त्यांनी कात्रणांवर तारीख लिहून ती दर शनिवारी वर्गशिक्षकांकडे पाठवावीत. ज्यांच्याकडे येत नाहीत त्यांच्यासाठी शाळेचे अंक वाचनालयात ठेवलेले असतील.

आपला,
मुख्याध्यापक