आधी दुरुस्ती, मग हौस

जुनी जीप भंगारात जाऊ न देता पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. माझा वाद त्यांच्या हौसेशी नाही, खर्चाच्या क्रमाशी आहे. आधी रंग, मग रुंद टायर, मग गाडी उचलायची, मग पॉवर स्टेअरिंग, आणि एवढे करून पैसे उरलेच तर किंगपिन आणि बुश. हा क्रम उलटा आहे, आणि धोक्याचाही आहे. कारण या जिपा नुसत्या शोभेला उभ्या राहत नाहीत. रविवारी घाटात जातात, पावसाळ्यात चिखलात उतरतात, आणि मागच्या आडव्या बाकांवर बहुतेक वेळा पोरं बसलेली असतात.

मी बोलतो आहे ती गाडी विलीज सीजे-३बी. अमेरिकेत १९५३ साली आली आणि पुढे महिंद्र कंपनीने परवान्याखाली आपल्याकडे बनवली. ही कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इकडच्या पाटीवरचे नाव बदलले. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवते ती जीप हीच, पाठीमागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे रंगवलेली. तिला समोर सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, ८० इंचांचा व्हीलबेस आणि दोन चाकांमधले अंतर साधारण ४८ इंच. आखूड, अरुंद आणि उंच. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद त्यांवर उभा आहे.

मी दोन भाषा शिकवतो, म्हणून शब्दाकडे वळतो. ‘दुरुस्ती’ हा मराठीत मुरलेला फारसी शब्द. दुरुस्त म्हणजे बरोबर, जसे असायला हवे तसे. उर्दूच्या वर्गात उत्तर बरोबर आले की आम्ही ‘दुरुस्त’ म्हणतो. म्हणजे दुरुस्ती ही कमी दर्जाची गोष्ट नाही, वस्तू तिच्या खऱ्या मापावर आणणे हा तिचा अर्थ. पण हल्ली दुरुस्ती म्हटले की गरिबाचे काम वाटते आणि ‘अपग्रेड’ म्हटले की छाती फुगते. माझे म्हणणे एवढेच आहे की जी गाडी दुरुस्त नाही तिचे अपग्रेड होऊच शकत नाही. तिच्या दोषाला फक्त जास्त ताकद मिळते.

सर्वांत लोकप्रिय ‘सुधारणा’ घ्या: लांब शॅकल. स्वस्त, एका दुपारचे काम, गाडी लगेच ऐटदार दिसते. आता हिशेब करा. या जीपच्या पुढच्या पाट्याची लांबी साधारण ३६ इंच. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, मागचे टोक चासीला पक्के. शॅकल २ इंचांनी लांब केले की पाट्याचे पुढचे टोक चासीपासून जवळपास २ इंच खाली जाते, मागचे जागेवरच राहते. अ‍ॅक्सल मधोमध असल्यामुळे गाडी प्रत्यक्षात उचलली जाते १ इंच. पण ३६ इंचांत २ इंचांचा उतार म्हणजे पाटा आणि त्याच्याबरोबर अ‍ॅक्सल सुमारे ३ अंशांनी पुढे कलतो.

कंपनीने या जीपला कॅस्टर दिला आहे ३ अंश. कॅस्टर म्हणजे किंगपिनचे वरचे टोक मागे झुकलेले असणे. सायकलचा पुढचा चिमटा मागे झुकलेला असतो, तसेच हे. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येते ते यामुळे. म्हणजे एका इंचाच्या उंचीसाठी तुम्ही जीपचे सरळ चालण्याचे सगळे भांडवल खर्च करून बसलात. मग मालक तक्रार करतो की साठच्या वेगाला गाडी रस्ता शोधत फिरते. त्यावर दुकानदार दुसरी वस्तू विकतो, स्टेअरिंग डॅम्पर. डॅम्पर वाईट नाही, पण या ठिकाणी तो दुखणे न बघता दिलेली वेदनाशामक गोळी आहे. पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण मग पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि तो वेगळा बघावा लागतो. एका चुकीच्या इंचाने किती कामे काढली बघा.

आता स्टेअरिंग. जुन्या रचनेत स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतची साखळी लांब आहे. बॉक्स, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, मग पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलेली बेलक्रँक, तिथून दोन्ही चाकांकडे दोन टाय रॉड, शेवटी नकलमधले किंगपिन आणि त्यांचे बेअरिंग. प्रत्येक सांध्यात केसभर प्ले असला तरी स्टेअरिंगवर तो हातभर होऊन येतो. पूर्वीचे ड्रायव्हर स्टेअरिंग सतत डावी-उजवीकडे हलवत चालवत असत आणि आपण त्याला जीपचा स्वभाव समजलो. तो स्वभाव नव्हता, झीज होती.

आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये एक वयस्कर उस्ताद आहेत. त्यांची तपासणी साधी असते. एकाला स्टेअरिंगवर बसवतात, इंजिन बंद, चाके जमिनीवर, आणि सांगतात की थोडेसे डावी-उजवीकडे हलवत राहा. स्वतः खाली झोपून एकेका सांध्यावर बोटे ठेवतात. कुठे एक तुकडा हलतो आणि पुढचा हलत नाही, ते बोटांना कळते. मग पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवतात, किंगपिन आणि व्हील बेअरिंग बोलतात. त्यांना मी विचारले, लोक आधी पॉवर स्टेअरिंगच का मागतात? म्हणाले, “सर, पहले जो हिलता वो बंद करो, बाद में जो लगाना वो लगाओ.” या एका वाक्यात या विषयाची सगळी तालीम आहे.

पॉवर स्टेअरिंगला माझा विरोध नाही. ज्याचा खांदा दुखतो, ज्याचे वय झाले आहे, त्याने जरूर बसवावे. पण पंपाचा दाब काय करतो हे समजून बसवावे. तो दाब झिजलेल्या बेलक्रँकलाही ढकलतो, जुन्या टाय रॉडच्या टोकालाही ढकलतो आणि चासीच्या ज्या पातळ पट्टीवर बॉक्स बसला आहे तिलाही पिळतो. त्या जागी चासीला तडे जाणे हे जीपवाल्यांच्या ओळखीचे दुखणे आहे. शिवाय हाताला जाणवणारा प्ले या दाबाखाली झाकला जातो, म्हणजे सांधा निखळायच्या आधी मिळणारा इशाराही जातो. म्हणून आधी सांधे नवे, मग बॉक्सच्या जागी चासीला आधाराची प्लेट, मग पॉवर. आणि कोणत्याही परिस्थितीत पिटमन आर्म किंवा ड्रॅग लिंक तापवून वाकवलेली, कापून वेल्डिंग केलेली नको. ओळखीच्या एका गाडीत मी अशी वेल्डिंग केलेली ड्रॅग लिंक पाहिली आहे. वर सुंदर काळा रंग दिला होता. ते वेल्डिंग उघडले तर स्टेअरिंग हातात राहील आणि चाके आपल्या मर्जीने जातील.

पाट्यांबद्दल तर आणखी गोंधळ. लोकांना वाटते जाड पाटा म्हणजे मजबूत गाडी. रिकामी सीजे-३बी साधारण एक टनाची. तिला जादा पाने घातली तर खडबडीत जागी पाटा दबतच नाही, एक चाक हवेत लटकते आणि ज्या ऑफ-रोडसाठी हा खटाटोप केला तिथेच पकड जाते. चांगल्या पाट्याचे काम चाक जमिनीला लावून ठेवणे हे आहे, गाडी उंच दाखवणे हे नाही. दुसरी गोष्ट, पाटा निवडताना इंजिन बघा. पेट्रोलच्या हरिकेन इंजिनावर निघालेल्या या जिपांमध्ये आपल्याकडे पुढे डिझेल आले. अनेक गाड्यांत मालकांनीही इंजिने बदलली. डिझेल इंजिन जड. पेट्रोलचे पाटे डिझेलखाली बसतात, डिझेलचे पाटे पेट्रोलखाली दगडासारखे लागतात. दुकानात ‘जीपचा पाटा द्या’ म्हणणे म्हणजे चष्म्याच्या दुकानात ‘माणसाचा चष्मा द्या’ म्हणण्यासारखे आहे.

बऱ्याचदा नवा पाटा लागतही नाही. जुना संच उघडून, गंज काढून, बसलेली पाने पुन्हा कमानीत आणून, तुटकी बदलून, मधला बोल्ट, बुश आणि यू-बोल्ट नवे घालून तो कामाचा होतो. यू-बोल्ट मात्र जुने पुन्हा वापरू नयेत, ते एकदा ताणले गेलेले असतात. शॉकअप पाट्याच्या चालीप्रमाणे घ्यावा. गाडी उचलून जुनाच शॉकअप ठेवला तर तो प्रत्येक खड्ड्यात पूर्ण ताणला जाऊन आपटतो. ब्रेकचा होजही तेवढाच ताणला जातो, आणि मूळ गाडीत ब्रेकची लाइन एकच असते. होज तुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो.

यावर दोन बाजूंनी उत्तरे येतात. पहिली बाजू म्हणते, दगडावरून जायचे तर उंची हवीच. मान्य. पण ४८ इंच रुंदीच्या गाडीची उंची वाढवणे म्हणजे उताराच्या आडवे जाताना ती कलंडण्याचा धोका वाढवणे. मूळ ६.००-१६ च्या जागी थोडा मोठा पण अरुंद टायर आणि नीट चालणारा मऊ पाटा, एवढ्यावर आपल्याकडचे बहुतेक रस्ते पार होतात. बाहेर काढलेल्या रिमवरचा रुंद टायर फेंडरबाहेर रुबाबात दिसतो खरा, पण स्टेअरिंग जड करतो आणि प्रत्येक दगडाचा धक्का थेट मनगटात पाठवतो. मग पुन्हा पॉवर स्टेअरिंगची मागणी येते. आजार आपण विकत आणला आणि औषधही.

दुसरी बाजू शुद्धतावाद्यांची. त्यांना एक बोल्टही बदललेला चालत नाही. त्यांच्या हातात नियम आहे: २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवणाऱ्याने, चासीला नवे ब्रॅकेट जोडणाऱ्याने हे आधी वाचावे. सर्वसाधारण गाड्यांनाही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. इथपर्यंत शुद्धतावादी बरोबर. पण मूळपणाच्या नावाखाली झिजलेला किंगपिन जपणे ही इतिहासाची सेवा नाही. ज्या दिवशी ती जीप कारखान्यातून निघाली त्या दिवशी तिचा किंगपिन घट्ट होता. तोच तिचा मूळपणा.

खरी अडचण पैशाची नाही, किमतीच्या समजुतीची आहे. चकचकीत डब्यातून आलेल्या किटला हजारो रुपये देताना आपण बिल विचारत नाही. पण पाटा कमानीत आणणाऱ्या, शिम बदलून बेअरिंगचा ताण जुळवणाऱ्या माणसाने दोन दिवसांची मजुरी सांगितली की आपल्याला ती लूट वाटते. हा हुनर शिकवणारा वर्ग कुठे भरत नाही, तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. उस्तादांच्या पोराला या कामात भविष्य दिसत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. आपणच किटला इज्जत दिली आणि हाताला घासाघीस.

म्हणून जीप घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे, यादी उलटी करा. आधी ब्रेक, मग किंगपिन, बेअरिंग, बेलक्रँक, टाय रॉडची टोके, मग पाटे, बुश आणि शॉकअप, मग अलाइनमेंट. त्यानंतर हजार किलोमीटर चालवा. एवढ्याने गाडी सरळ चालली, वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून परत आले, तर तुमच्या यादीतल्या निम्म्या वस्तू तुम्हाला नको वाटतील. उरलेल्या निम्म्या खुशाल घ्या. रंग सर्वांत शेवटी द्या, आणि मागच्या बाकावर पोरं बसवायची ती त्याच्याही नंतर.