वर्तुळातली विहीर

गेल्या रविवारी गावी होतो, पारनेर तालुक्यात. शेजाऱ्यांची विहीर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी दिवसभर मोटर चालवली तरी आमचं पाणी बोटभर हलत नाही. पण ओढ्यापलीकडे, तिप्पट लांब, एक बोअर आहे. ती सुरू झाली की आमच्या विहिरीची पायरी उघडी पडते. वडील म्हणतात, "झरा तिकडनं येतो." विषय संपला.

भौतिकशास्त्रात 'समदिक्' म्हणजे कुठल्याही दिशेनं पाहा, गुणधर्म तोच. काच तशी असते. लाकूड नसतं, उभं फटकन फुटतं, आडवं फोडून दाखवा! 1965 मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी जाहीर केलेलं वैश्विक प्रारण, आपली स्वतःची गती वजा केली तर, सगळीकडून साधारण लाखात एका भागापर्यंत सारखं येतं. विश्व समदिक् आहे असं म्हणता येतं, कारण ते कुणीतरी मोजलंय.

आणि आपण? 1993 च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली. हेतू चांगलाच. पण 500 मीटर म्हणजे वर्तुळ, आणि वर्तुळ म्हणजे जमीन समदिक् आहे हे न मोजताच धरून चालणं. थाइसनं 1935 मध्ये विहिरीच्या उपशाचं सूत्र दिलं, तेव्हा 'थर एकजिनसी आणि समदिक् असेल तर' ही अट त्यातच होती. आपल्याकडे काळा पाषाण, मांजऱ्या, मध्येच लाल मातीचा थर, आणि पाणी वाहतं ते भेगांतून. भेगांना दिशा असते. तिथे उपशाचा परिणाम गोल पसरत नाही, एका अंगाला लांब जातो.

यावर ठरलेलं उत्तर: "वर्तुळ मोजायला सोपं." मान्य. टेप लावला की भांडण मिटतं. पण आत असलेला निर्दोष शेतकरी अडतो आणि 600 मीटरवरचा बोअरवाला गावाची विहीर कोरडी करून कायदेशीर राहतो. हा कसला सोपेपणा? मोटर चालवून चार बाजूंच्या विहिरींत दोरी सोडून पाहणं काही रॉकेट उडवणं नव्हे. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तर अंतराच्या वादात न पडता शेतीसाठी बोअरच बंद केल्या आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला.

खरं सांगायचं तर, नकाशावर अशी वर्तुळं काढणारा प्रोग्राम मीसुद्धा एकदा लिहिलाय. एका ओळीचं काम होतं. दिशा विचारायचं डोक्यातही आलं नाही. वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी हात करून दाखवली असती.

असो. सोमवार आलाच.