नॉर्मन लिअर यांची मालिका, लेखणी कोणाची?
नॉर्मन लिअर पुरोगामी होते, हे आम्हाला मान्य. १९७१ च्या ‘ऑल इन द फॅमिली’त त्यांनी गोऱ्यांचा वंशद्वेष चव्हाट्यावर आणला. पण ‘गुड टाइम्स’चे काय? शिकागोतील गरीब काळ्या कुटुंबाची ही मालिका एरिक मॉन्टे आणि माइक इव्हान्स या कृष्णवर्णीय लेखकांची निर्मिती. निर्माते लिअर. पुढे थोरल्या मुलाला विदूषक करून हशा वसूल केला गेला. आई झालेल्या एस्थर रोल यांनी जाहीर निषेध केला. बाप झालेले जॉन अमोस पटकथांवरून भांडले, तर १९७६ मध्ये त्यांचे पात्रच मारून टाकले! ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये नाव घेणाऱ्या चळवळीचे आम्ही वारसदार. असे सहानुभूतीदार आम्हालाही भेटतात. त्यांना आमचे विचारणे एवढेच: संहितेवर शेवटचा हात कोण फिरवणार?