चौथ्या मूर्तीचे नाव काय?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे खालून वर आलेल्या माणसाची हकिकत मला साहजिकच जवळची वाटते. उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतींच्या इतिहासात ल म्वान घराण्याची हकिकत अशीच आहे. दिएप बंदरातल्या एका खानावळवाल्याचा मुलगा शार्ल ल म्वान १६४१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी कॅनडात उतरला. जेझुइट पाद्र्यांच्या चाकरीत चार वर्षे ह्यूरॉन लोकांच्या मुलखात राहिला, त्यांची भाषा शिकला आणि दुभाषा झाला. पुढे व्यापार वाढला, जमिनी मिळाल्या आणि १६६८ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्याला उमरावपद दिले. त्याच्या मुलांपैकी इबरव्हिलने १६९९ मध्ये लुइझियानाच्या वसाहतीचा पाया घातला, तर बिएनव्हिलने १७१८ मध्ये न्यू ऑर्लीन्स वसवले.

या घराण्याचे कर्तृत्व कोणीही नाकारणार नाही. प्रश्न आहे तो त्याची किंमत कोणी मोजली हा! शार्लचे पहिले भांडवल म्हणजे ह्यूरॉनांची भाषा. पण १६५० च्या सुमारास साथीचे रोग आणि युद्धे यांनी ह्यूरॉनांचा तो मुलूखच उद्ध्वस्त झाला. १६९० मध्ये फ्रेंचांनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी शेनेक्टडी गावावर रात्री छापा घातला. त्याच्या नेत्यांत या घराण्याचा एक मुलगा होता. सुमारे ६० माणसे मारली गेली. त्यांत बायका होत्या, मुले होती. लुइझियानात १७१९ पासून आफ्रिकी गुलामांची जहाजे येऊ लागली आणि त्यांना जखडणारा 'काळा कायदा' १७२४ मध्ये बिएनव्हिलच्याच कारकिर्दीत लागू झाला.

मॉन्ट्रियलमध्ये त्या शहराचा संस्थापक मेझोनव्ह याचे १८९५ सालचे स्मारक आहे. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार मूर्ती आहेत. तिघांना नाव आहे. त्यांत आपला शार्लही आहे. चौथी मूर्ती मात्र नुसत्या 'इरोक्वा योद्ध्या'ची. ज्याची भूमी, त्यालाच नाव नाही!

सामान्य घरातला मुलगा उमराव झाला, एवढ्यावर आपण टाळ्या वाजवून थांबू नये. तो वर चढताना कोण खाली दबले, हेही विचारले पाहिजे. ज्यांच्या घराण्यांची नावे कुठल्याही बखरीत नाहीत, अशा आम्हा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?